सीना नदीच्या पुरात भिजलेला पखवाज, पेटी आणि चालींच्या वह्या: काय वाचेल?

सीनाकाठ (२६ सप्टेंबर २०२५)
राम कृष्ण हरि. गाव दक्षिण सोलापुरात, वडकबाळच्या खालच्या अंगाला. मंदिरात दोन दिवस कमरेएवढं पाणी होतं, काल ओसरलं. भजनी मंडळाचं सगळं साहित्य गाळात सापडलं: शिसवी पखवाज, साडेतीन सप्तकाची डबल रीड पेटी, १४ जोड टाळ, छापील गाथा-ज्ञानेश्वरी आणि हाताने लिहिलेल्या चालींच्या ६ वह्या. गावात अजून वीज नाही. कोजागिरी दहा दिवसांवर आली, मग काकडा. सगळं उन्हात वाळत घातलं तर चालेल का?

दफ्तर
माउली, उन्हात काहीच घालू नका. आणि सुरुवात वाद्यांपासून नको, वह्यांपासून करा. गाथा पुन्हा विकत मिळेल, वही मिळणार नाही. ओल्या कागदाला ४८ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणजे तुमच्या हातात आजचाच दिवस आहे.

वही उघडून पानं सोडवायला जाऊ नका, ओलं पान बोटाला चिकटून फाटतं. शाई कसली आहे ते कडेच्या एखाद्या अक्षरावरून बघा. बॉलपेनचं अक्षर बहुतेक टिकतं. शाईपेन किंवा स्केचपेनचं असेल तर त्या वहीला आणखी पाणी लावू नका. बॉलपेनची वही मिटलेलीच धरून स्वच्छ पाण्याच्या परातीत हलवा, वरचा गाळ जाऊ द्या. पिळू नका. मग प्रत्येक वही वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालून सोलापूरला आणा आणि एखाद्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंश किंवा त्याखाली हवं. गोठवल्याने वही वाळत नाही, पण बुरशी थांबते आणि तुम्हाला सवड मिळते.

नंतर एकेकच वही बाहेर काढायची. बर्फ सुटला की दर दहा-बारा पानांनंतर कोरा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा न छापलेला कागद) घालायचा. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. कागद फार कोंबले तर शिवण उसवते. घातलेल्या कागदांची एकूण जाडी वहीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ देऊ नका. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी कागद बदला. खाली-वर आपला सोलापुरी टर्किश टॉवेल घाला, पाणी ओढायला त्याच्यासारखं काही नाही. पान सुटं झालं की लगेच मोबाईलवर फोटो काढा, पुढे काय होईल सांगता येत नाही.

डेटॉल, ब्लीच कागदाला लावू नका. गाळात हात घालताना हातमोजे आणि मास्क हवाच. पायाला जखम असेल तर गमबूट, कारण या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप होतो.

खोडवाला
पखवाजाचं सांगतो. पुड्या, म्हणजे दोन्ही तोंडांवरची कातडी, गेल्या असं समजा. भिजल्यावर पुडीवरचा काळा शाईचा थर सुटतो, कातड्याला ताण राहत नाही. वाचवायचंय ते खोड, म्हणजे पोकळ लाकडी अंग, आणि त्याला खरा धोका वाळतानाच आहे. ओलं कातडं ताणलेल्या अवस्थेत सुकलं की आवळतं आणि काठावर खोड तडकू शकतं. म्हणून आजच गट्टे (ताण देणारे लाकडी ठोकळे) काढा, वादी (पुड्या ओढून धरणारी चामडी पट्टी) सैल करा, दोन्ही पुड्या उतरवा. जुन्या पुड्या टाकू नका, नवीन बनवताना माप लागतं. धुम्याला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) लावलेली कणीक राहिली असेल तर खरवडून काढा, सगळ्यात आधी तिथेच कुजतं.

खोड आतून-बाहेरून स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने धुवा. लाकडातलं पाणी दोन्ही टोकांच्या उघड्या काठांतून सगळ्यात भरभर निघतं, मधलं ओलंच राहतं आणि चीर पडते. त्या काठांना पातळ मेण फासा. मग सावलीत, दोन पट्ट्यांवर आडवं ठेवा म्हणजे खालून वारा लागेल. पहिले चार-पाच दिवस वरून ओलसर पातळ कापड. पंखा थेट नको. ओल्या लाकडाला तेल तर मुळीच नको, आतलं पाणी कोंडतं.

वाळलं हे हात लावून कळत नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर रोज सकाळी वजन करून भिंतीवर लिहा. आठवडाभर वजन हललं नाही की मगच पुडी चढवा. महिना-दोन महिने लागतील. काकड्यासाठी घाई करू नका, शेजारच्या गावचा पखवाज मागून आणा.

सूरपट्टी
पेटीत आधी भाता आणि चिकटवलेले सांधे जातात, कारण सरस पाण्यात विरघळतो. प्लायवूड फुगलं असेल तर ती पेटी परत बांधावीच लागेल. पण सूर, म्हणजे आतल्या रीड, पितळेचे असतात, ते वाचतात. ४२ पट्ट्या, डबल रीड, म्हणजे ८४ सूर.

आता भाता मारून बघू नका. हवेबरोबर गाळ सुराच्या जिभेखाली शिरतो, आणि तिथली फट केसाएवढी. स्क्रू सोडा. सूर काढण्याआधी जाड पुठ्ठ्यावर नंबर घालून ८४ घरं आखा आणि क्रमानेच मांडा, नाहीतर मेळ लावताना आठवडा जातो. स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशने धुवा, लगेच सुती कापडावर टिपा. जीभ वर उचलू नका. सॅंडपेपर अजिबात नाही: टोकाला घासलं की सूर चढतो, रिबिटाजवळ घासलं की उतरतो. स्प्रिंगा लोखंडी, गंजणारच, नव्या टाका.

टाळ धुवून पुसा, दोऱ्या बदला. तेवढंच.

दफ्तर
आणखी एक सांगायचं होतं. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ आलं, बंधारे फुटले आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वाजवण्यावर जगणारं शहर ते. सहा महिन्यांतच, २८ फेब्रुवारी २००६ ला त्यांनी मार्डी ग्रा हा मिरवणुकांचा सण साजरा केला. वस्त्या ओस असताना मिरवणुका कशाला, असं म्हणणारेही होते, तरी केला. तिथले नामवंत गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो यांच्या घरातला पांढरा पियानो पुढे दुरुस्त होऊन संग्रहालयात गेला. पण मला जास्त मोलाची वाटते ती वादकांसाठी बांधलेली ७२ घरांची ‘म्युझिशियन्स व्हिलेज’ वस्ती. घर गेलेला वादक परगावी गेला की वाद्य दुरुस्त असूनही वाजवायला माणूस राहत नाही. तुमच्या पखवाजवाल्यांचं घर उभं आहे का?

सीनाकाठ
घर पडलंय. लेकीकडे गेलेत, होटगीला. वह्या आत्ता पिशव्यांत घातल्या. एक वही शाईपेनची निघाली, तिला पाणी लावलं नाही. पण तिच्यात गाळ फार आहे, तशीच गोठवू का?

दफ्तर
हो, गाळासकट गोठवा. सुकल्यावर कोरड्या मऊ ब्रशने मातीची पूड निघते. पिशवीवर वहीचा नंबर आणि तारीख लिहा.

खोडवाला
होटगीहून काकड्याला त्यांची रोज ने-आण कोण करणार, ते आजच ठरवा. पहाटे गाडी मिळत नाही.