'मुदतबाह्य' नेमकं काय होतं: गुन्हा की फिर्याद?

प्रश्न (गिरगाव): अब्रुनुकसानीच्या एका प्रकरणाच्या बातमीत 'गुन्हा मुदतबाह्य झाला' असं वाचलं. गुन्ह्याला मुदत कशी असेल? आणि ती संपली हे कुठल्या तारखेवरून ठरतं?

उत्तर (दादर): ताई, ते वाक्यच चुकलंय. गुन्हा घडला तो घडलाच, तो शिळा होत नाही. मुदत असते ती न्यायालयाने दखल घेण्याला, म्हणजे प्रकरण कारवाईसाठी हाती घेण्याला. म्हणून 'फिर्याद मुदतबाह्य' असं लिहावं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ पाहा, जुन्या १९७३च्या संहितेत हेच कलम ४६८ होतं. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला ६ महिने, १ वर्षापर्यंतच्या कैदेला १ वर्ष, त्यावर ३ वर्षांपर्यंतच्या कैदेला ३ वर्षं. त्याहून मोठी शिक्षा असेल, उदाहरणार्थ खून, तर मुदतच नाही. अब्रुनुकसानीला २ वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे मुदत ३ वर्षं. शिक्षा २ वर्षं म्हणून मुदतही २ वर्षं, असं पुष्कळ जण धरून चालतात.

उत्तर (कुर्ला): मोजणीचं सांगतो. पहिला दिवस धरत नाहीत. बदनामीचा मजकूर १५ जून २०२२ ला छापून आला, तर मुदत १५ जून २०२५ ला संपते. तो रविवार होता, कोर्ट बंद, म्हणून सोमवारी १६ तारखेला आणलेली फिर्यादही मुदतीत. गुन्हा घडल्याचं कुणालाच ठाऊक नसेल, तर पीडिताला किंवा पोलिसाला, ज्याला आधी कळलं त्या दिवसापासून. आरोपी कोण हे माहीत नसेल, तर ते कळलं त्या दिवसापासून.

प्रश्न (गिरगाव): पण फिर्याद १६ जूनला दिली आणि दंडाधिकाऱ्यांनी दखल ऑक्टोबरात घेतली तर?

उत्तर (दादर): खरी मेख इथेच आहे. कलमात शब्द 'दखल' असला तरी मोजायची तारीख फिर्याद दाखल झाल्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सारा मॅथ्यू खटल्यात हे पक्कं केलं, आणि नव्या संहितेत तर तसं स्पष्टीकरणच जोडलंय: खाजगी फिर्याद असेल तर ती दाखल झाल्याची तारीख, पोलिसांकडे गेलात तर माहिती नोंदवल्याची. हे व्हायलाच हवं होतं. कोर्टाच्या कामाच्या ओझ्याची शिक्षा फिर्यादीने का भोगावी? त्यात आता खाजगी फिर्यादीवर दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणजे दखल आणखी लांबते.

प्रश्न (अंधेरी): आरोपी मधली दोन वर्षं दुबईला होता तर?

उत्तर (कुर्ला): तो भारताबाहेर होता तेवढा काळ मुदतीतून वगळतात, फरार असला तरी तसंच. शासनाच्या मंजुरीसाठी गेलेला वेळही वगळतात. एवढं करूनही उशीर उरलाच, तर त्याचं समाधानकारक कारण द्यायचं. कोर्टाला ते पटलं किंवा न्यायासाठी गरज वाटली तर कलम ५१९ खाली दखल घेता येते. वकिलांच्या बोलण्यात तिथे 'विलंब माफ' येतं, कलमाच्या मथळ्यात मात्र 'मुदतवाढ' आहे.