सल्ला हवाय: बाळंतपणानंतर डिप्रेशनची गोळी सुरू केली, आता गोळीचीच भीती वाटतेय (इंदूर)

अळीवलाडू
नमस्कार, इंदूरची आहे, माहेर सुदामा नगर, सध्या तिथेच. बाळ सात आठवड्यांचं, सिझर झालंय. तिसऱ्या आठवड्यापासून नुसतं रडू, काहीच नको वाटणं, बाळाकडे बघून पण आतून काही न हलणं, म्हणून शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेलो. त्यांनी सर्ट्रालिन दिली, ५० ची. आज चौथा दिवस आणि मी इतकी घाबरलेय की आजारापेक्षा औषध भारी पडलंय.

अंगात आतून पाण्याची मोटर चालू राहिल्यासारखं होतं. बसले की उठावंसं, उठले की चालावंसं, चालून पण बरं नाही. पहाटे ३ ला हॉलमधे येरझाऱ्या घालत होते, आईला वाटलं बाळाचं पोट दुखतंय म्हणून फिरतेय. दात आवळले जातात, मळमळ, घाम, आणि जांभया, झोप एक मिनिट नाही पण जांभया सुरूच. बाळ झोपलं तरी मी टक्क जागी. काल पाजताना हात थरथरला तर घाबरून बाळ आईकडे दिलं आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसले.

मैत्रीण म्हणते गोळी घेतेस तर दूध बंद कर. सासूबाई ग्वाल्हेरला आहेत, त्या फोनवर म्हणतात गोळी बंद कर आणि बाळंतकाढा घे. नवरा पुण्याला, तो म्हणतो डॉक्टरांना विचार, पण पुढची तारीख १५ दिवसांनी आहे. हे जातं का, किती दिवसांत? दुधाचं काय? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा, आत्ता कुणीतरी जागं असेल तर अजून बरं.

तिलकनगरची_सून
जागी आहे गं. माझा दोन वर्षांचा आहे, मला एस्सिटालोप्राम होती, तुझ्या गोळीचीच बहीण म्हण. पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले, पोट बिघडलेलं, तोंड कोरडं, आणि स्वप्नं अशी की सकाळी उठून भिंतीला हात लावून बघायचे खरी आहे का. मग एकेक करत गेलं. चांगला परिणाम मात्र लगेच नाही दिसत, मला पाचव्या आठवड्यात एक दिवस पोहे चवीचे लागले आणि लक्षात आलं अरे, आज सकाळी रडले नाही. म्हणजे त्रास आधी येतो आणि फायदा नंतर, इतका घाणेरडा हिशोब आहे या गोळ्यांचा.

मी डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीची सकाळी केली, नाश्त्यानंतर, त्याने मळमळ आणि झोप दोन्हीत फरक पडला.

पण ते बसवत नाही, चालावंच लागतं, ते मळमळीच्या खात्यात टाकू नकोस. ते सहन करत १५ दिवस बसायचं नसतं, आज सकाळी क्लिनिकला फोन करायचा. तारखेची वाट कशाला?

औषधवाला_भिया
डॉक्टर नाही, राजवाड्याजवळ मेडिकल चालवतो, त्यामुळे डोस बदला वगैरे मी सांगणार नाही. ताई, एक प्रश्न: चिठ्ठीवर पहिल्या आठवड्यात अर्धी लिहिलीये का बघा. बरेच डॉक्टर २५ ने सुरू करून मग ५० वर नेतात आणि स्ट्रिप ५० चीच देतात, घरी लोक अख्खी घेतात. आमच्या काउंटरवर हे नेहमी होतं.

दुसरं, सिझरनंतरच्या दुखण्याच्या गोळ्या अजून चालू असतील तर त्यांची नावं डॉक्टरांना वाचून दाखवा. ट्रामाडॉल असेल तर नक्कीच, आणि खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन पण, यांचं सर्ट्रालिनशी जमत नाही. ताप, अंग ताठ होणं, स्नायू फडफडणं, बोलण्यात गोंधळ असं एकत्र झालं तर फोनबिन नाही, सरळ इमर्जन्सीला जायचं. ब्रूफेनसारख्या गोळ्या पण विचारल्याशिवाय नको, रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो.

आणि वय २५ च्या आत असेल तर घरच्यांनी पहिले काही आठवडे जरा जास्त लक्ष ठेवायचं. अमेरिकेत या गोळ्यांवर २००४ पासून चौकटीतला इशारा असतो की आत्महत्येचे विचार वाढू शकतात, आधी मुलांसाठी होता, २००७ मधे २४ वर्षांपर्यंतच्यांना लागू केला. घाबरवायला नाही सांगत, आईला माहीत असावं म्हणून.

निसर्गोपचार४५२
ही सगळी केमिकल आहेत, बाळाच्या पोटात जातात. गोळी आजच बंद करा. ब्राह्मी, जटामांसी, शतावरी कल्प, सकाळी ऊन. आमच्या आज्यांना दहा-दहा मुलं झाली, कुणाला डिप्रेशन नव्हतं.

तिलकनगरची_सून
आज्यांना कुणी विचारलंच नाही हो काका. माझी पणजी बाळंतपणानंतर "वाऱ्यात गेली" असं घरात सांगतात, वाऱ्यात म्हणजे काय ते आता कळतंय मला.

दांडियाबाजार_बडोदा
बडोद्याहून लिहितेय. बंद कर सांगणाऱ्यांसाठी माझं ऐका. मी पाच महिने घेऊन एकदम बंद केली, कारण बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी डोकं हलवलं की करंटचा झटका, चक्कर, चिडचिड, बाळावर ओरडले आणि मग त्याचंच रडू. परत सुरू करून हळूहळू कमी करायला दोन महिने लागले. चार दिवसांत असं नाही होणार, पण आज बंद परवा चालू हा खेळ मनाने करू नको, डॉक्टरांना करू दे.

दुधाचं: माझ्या बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरते, म्हणून पाजणाऱ्या आईला बहुतेकदा हीच देतात. फक्त बाळ नेहमीपेक्षा जास्त सुस्त आहे का, पिणं कमी झालंय का, वजन वाढतंय का हे बघायचं आणि त्यांना गोळीचं नाव सांगून ठेवायचं. दूध तोडायची घाई नको.

अळीवलाडू
भिया, तुमचे पाय धरते. चिठ्ठी काढून बघितली, अर्धीच आहे. चहाचा डाग पडलाय त्यावर, आईने "१" वाचलं आणि मी न बघता घेत गेले. म्हणजे चार दिवस दुप्पट. आता रडू येतंय, पण हे वेगळं रडू आहे.

वय २४ आहे माझं. आणि अजून एक, हे लिहू की नको कळत नव्हतं. बाळाला घेऊन गॅलरीत गेले की डोळ्यासमोर येतं की तो हातातून पडला. मला तसं करायचं नाहीये, शप्पथ. पण चित्र येतंच. म्हणून गॅलरीचं दार बंद ठेवते.

रामबागवाली_मावशी
अगं बाळा, ते चित्र मला पण यायचं, विहिरीचं. ३४ वर्षं झाली, आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय. नको असलेला विचार आला आणि आपण हादरलो, हे खूप आयांना होतं, त्याने तू वाईट आई होत नाहीस. पण डॉक्टरांना हे शब्दशः सांग, लाजून अर्धं सांगू नकोस.

मात्र तो विचार बरोबर वाटायला लागला, कुणी कानात सांगतंय असं झालं, दोन-दोन रात्री न झोपता पण एकदम तरतरीत वाटलं, किंवा स्वतःचं काही करून घ्यावंसं वाटलं, तर सकाळ उजाडायची वाट बघायची नाही. बाळ आईकडे, तू एकटी राहायचं नाही, १०८ ला फोन किंवा रिक्षा करून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात. रात्री नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ आहे, टेली मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास. पैशाची अडचण असेल तर बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. आमच्या घरात बाणगंगेचं नाव थट्टेत घेत आणि त्या थट्टेपायी मी तेव्हा कुठे गेले नाही.

आणि रात्रीचं एक पाजणं आईला वाटीचमच्याने करू दे, सलग चार तास झोप.

अळीवलाडू
अपडेट. ९ ला फोन केला, रिसेप्शनवाली तारीखच सांगत होती, मग मी मावशींचं ऐकून सरळ म्हटलं बसवत नाहीये, दुप्पट गोळी घेतलीये, नको ते विचार येतात. दुपारी बोलावलं. डॉक्टर रागावले नाहीत. आज गोळी नाही, उद्यापासून अर्धी, सकाळी खाऊन, आणि पाच दिवसांनी परत यायचं. घरात कुणाला आधी कधी झोप न लागता खूप उत्साह, उधळपट्टी असं झालं होतं का विचारलं, कारण तसं असेल तर या गोळ्या उलट्या पडू शकतात म्हणे. नाहीये. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला दिलंय, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडून पण असं होतं. चित्राबद्दल सांगितलं तर त्यांनी मान हलवून लिहून घेतलं फक्त, मला वाटलं होतं आता बाळ काढून घेतील.

मोटर अजून आहे, पण आवाज कमी. आईने चिठ्ठीचा फोटो काढून फ्रिजवर लावलाय, मोठ्या अक्षरात "अर्धी".

नवीनसदस्य_विजयनगर
मी नुसतं वाचते इथे, कधी लिहिलं नाही. माझी मुलगी तीन महिन्यांची. माझी पण स्ट्रिप आहे, मळमळ झाली म्हणून दोन घेऊन बंद केली आणि तांदळाच्या डब्यात ठेवलीये, घरी सांगितलं घेतेय म्हणून. सोमवारी फोन करू का डॉक्टरांना?

अळीवलाडू
सोमवारी कशाला? आज शनिवार, साडेदहा झालेत, क्लिनिक उघडलं असेल. लाव, मी इथेच आहे.