‘नॉर्मल’ उलटे झाले, मराठीत काय उलटं झालं?

खापर_थ्रीडी : जळगावात थ्रीडी मॉडेलिंग शिकतोय, शाळा मराठी माध्यमाची. मांडे (पातळ, मोठ्या पुरणपोळ्या) भाजायचं मातीचं खापर केलं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झकास, गेम इंजिनात नेलं तर बाहेरून आरपार, आतलीच बाजू दिसते. सर म्हणाले, “नॉर्मल उलटे आहेत.” नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाशी दर जागी काटकोनात असणारी दिशा. मी म्हटलं, सर, खापर चुलीवर उलटंच ठेवतात! वर्ग हसला. आता पोरांसाठी मराठीत टिपणं काढतोय, नॉर्मलला काय म्हणू? प्रकाशाच्या धड्यात ‘स्तंभिका’ होती ना? मित्र म्हणतो असा शब्दच नाही, ‘अभिलंब’ लिही.

तापीकाठ : आहे की! आपाती किरण, परावर्तित किरण, मधे स्तंभिका. ती तुटक काढली नाही म्हणून छडी खाल्लीय. पण भो, ती नुसती रेघ. तुला हवा सदिश, म्हणजे दिशा असलेला बाण. मॉडेलच्या त्रिकोणाचे कोपरे बाहेरून बघून घड्याळाच्या उलट क्रमाने घेतले तर तो बाहेर बघतो, क्रम फिरवला की आत.

जुना_मास्तर : ‘लंब’ असताना हा खटाटोप कशाला? भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) लंबच आहे. भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ, पाटणला.

तापीकाठ : तो लंब त्रिकोणाचा, मास्तर. आणि भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड कुठलं, हा वाद आज नको.

थापी_रंधा : वडील गवंडी. सरळ ‘ओळंबा’ म्हणा.

खापर_थ्रीडी : ओळंबा जमिनीकडेच जातो. खापराच्या पोटावर दर जागी दिशा वेगळी.

थापी_रंधा : मग गुण्या, आमची काटकोन तपासायची पट्टी. उतरत्या छपराला टेकवला तरी काटकोन छपराशीच.

जुना_मास्तर : ‘गुण्या उलटे झाले’? परीक्षेत लिहून दाखवा.

थापी_रंधा : परीक्षा इंग्रजीत आहे, मास्तर.

खापर_थ्रीडी : गुण्या पटला, कारण पुढचीच भानगड त्याने समजते. खापराची उंची निम्मी केली, तेच मॅट्रिक्स (आकार बदलणारा आकड्यांचा तक्ता) नॉर्मलला लावलं, तर काटकोन बिघडला. पृष्ठभाग दबला तसा गुण्याही दबला! नॉर्मलला व्यस्त, म्हणजे उलटा बदल करणाऱ्या, मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) लावावा लागतो. ट्रान्सपोजला काय म्हणू?

केळीचा_मळा : ते राहू दे. उंची निम्मी काबरं केली? बसक्या खापरावर मांडा टाकून पाहिलाय कधी?

जुना_मास्तर : आमच्याकडे पुरण कोरडंच ठेवतात, म्हणून...

केळीचा_मळा : कोरडं? मास्तर, गाव कोणतं तुमचं?