विषय: वर ड्रायर, खाली वॉशर, टॉवेल काही वाळत नाहीत

प्रेषक: मेधा (जर्सी सिटी)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कामांच्या मेलांत हा घरगुती विषय घुसवतेय. आमच्या कॉन्डोत कोनाड्यात एकावर एक मशीन आहेत. खाली समोरून उघडणारा वॉशर, वर ड्रायर. दोन्ही विजेवर चालणारी, 27 इंची. मध्ये वॉशरच्या पाण्याच्या नळ्या बदलायला सगळं धूड पुढे ओढलं होतं. तेव्हापासून टॉवेल पूर्ण सायकल झाली तरी दमट निघतात. शिवाय स्पिनला लागलं की वॉशर असा थरथरतो की वरचा ड्रायर अंगावर येईल असं वाटतं.

दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं, "हीटिंग एलिमेंट गेलंय," आणि चांगला घसघशीत आकडा सांगितला. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, त्यांच्या सुती साड्या आता जेवणाच्या खुर्च्यांवर वाळताहेत. बाल्कनीत वाळत घालायला आमच्या असोसिएशनची बंदी. कुणी मार्ग सुचवेल का?

मेधा

प्रेषक: निखिल (होबोकेन)

ब्रेकर बघितलास का? इथे अमेरिकेत ड्रायरला 240 व्होल्ट लागतात, ते 120-120 च्या दोन तारांमधून येतात. ब्रेकरचा एकच अर्धा भाग पडला तर मोटर उरलेल्या 120 वर फिरत राहते, पण एलिमेंट तापत नाही. बघणाऱ्याला वाटतं मशीन तर चालू आहे! ब्रेकर पूर्ण बंद करून परत चालू कर. पाच पैशांचा खर्च नाही.

प्रेषक: मेधा

केलं. फरक नाही. पण कपडे गरम लागतात, अगदी चटका बसावा इतके. गरम आणि ओले.

प्रेषक: श्रीकाका (एडिसन)

मेधा,

कपडे गरम लागतात ना, मग एलिमेंट शाबूत आहे. त्या दुरुस्तीवाल्याला तूर्त राहू दे. तुझ्याच मेलमध्ये उत्तर आहे: मशीन पुढे ओढलं आणि दोन्ही तक्रारी तिथून सुरू झाल्या. म्हणजे जे बिघडलंय ते मशीनच्या आत नाही, मागे आणि खाली आहे.

ड्रायर कपडे तापवून वाळवत नाही. तो ओली हवा बाहेर ढकलतो, उष्णता नुसती मदतीला. बाहेर जायची वाट बंद झाली की तीच दमट हवा आत घुमत राहते. आतला थर्मोस्टॅट "फार तापलं" म्हणून एलिमेंट बंद करतो, थोडं निवलं की परत लावतो. त्यामुळे चटका बसतो पण पाणी जात नाही. असंच चालवत राहिलीस तर थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा सुरक्षेचा भाग) उडेल आणि मग दुरुस्तीवाल्याचं म्हणणं निम्मं खरं ठरेल.

आता करायचं असं. आधी ब्रेकर बंद. वॉशरच्या पाण्याचे दोन्ही नळ बंद. मग दोघांनी मिळून, खालच्या वॉशरला धरून, हळूहळू पुढे घ्यायचं. वरच्या ड्रायरला धरून अजिबात ओढायचं नाही. दोन्ही मशीनांमध्ये जोडपट्टी असते, ती नीट बसलेली आहे ना ते आधी हाताने चाचपून बघ. मागे ओली हवा बाहेर नेणारा 4 इंची पाइप दिसेल. तो चांदीच्या कागदासारखा मऊ, चुरगळणारा असेल तर माझी खात्री आहे की मशीन मागे सरकवताना तो भिंतीशी चेपला गेला. कोनाड्यातल्या मशीनचं हे हमखास दुखणं. मागे जागा वीतभरही नसते आणि ढकलणारा तर पुढून ढकलतो, त्याला काय दिसणार!

खात्री करायची तर पाइप सोडव, ब्रेकर लाव आणि थोडाच वेळ ड्रायर चालव. मागून जोरात वारा आला तर दोष पाइपचा. हे तुझा ड्रायर विजेचा आहे म्हणून सांगतोय. ज्यांचा गॅसवरचा आहे त्यांनी हे मुळीच करू नये, कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

नवीन पाइप टणक पत्र्याचा घे. मागे जागाच नसेल तर चपटा, सरकवून लांब-आखूड करता येणारा पत्र्याचा डक्ट मिळतो, कोनाड्यासाठी तो उत्तम. जोडावर अल्युमिनियमची चिकटपट्टी लाव. आत टोक जाईल असे स्क्रू नकोत, लिंट (कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू) नेमकी त्यांना अडकते. आणि वाट जितकी लांब आणि वाकडी तितका त्रास: साधारण नियम जास्तीत जास्त 35 फुटांचा, त्यातही प्रत्येक काटकोनी वळणाचे 5 फूट वजा धरतात.

हे एवढं लांबण लावतोय कारण प्रश्न फक्त टॉवेलांचा नाही. इथल्या सरकारी अग्निशमन खात्याने 2008 ते 2010 च्या नोंदींवरून वर्षाला सुमारे 2,900 घरगुती ड्रायरच्या आगी धरल्या होत्या, आणि त्यांत सगळ्यांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं.

श्रीकाका

प्रेषक: निखिल

काका, एक भर. लिंटची जाळी दर वेळी हाताने साफ केली तरी सुगंधी ड्रायर शीट (कपड्यांसोबत ड्रायरमध्ये टाकायचा सुवासिक कागद) वापरणाऱ्यांच्या जाळीवर पातळ मेणचट थर बसतो. डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा: पाणी आरपार न जाता वर साचलं तर साबण आणि जुन्या टूथब्रशने घासा. आमच्या शेजाऱ्यांच्या जाळीत तर पाण्याचं तळं झालं होतं.

प्रेषक: मेधा

काका, तुमचा अंदाज तंतोतंत! पाइप चेपून पापडासारखा झाला होता, वर आत करडी लिंट ठासलेली. चपटा डक्ट आणून बसवला. टॉवेल एका सायकलमध्ये खडखडीत. आभार मानावे तितके थोडे.

थरथर मात्र तशीच आहे.

प्रेषक: श्रीकाका

बेष्ट. आता खालचं बघू.

मशीन परत आत सरकवताना पुढचे पाय फिरले असणार. वॉशर रिकामा ठेव आणि पुढच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने तळहाताने दाब. एक कोपरा जरासा खाली गेला की तोच पाय आखूड पडतोय. पाना लावून पाय खाली काढ, लेव्हल बघ आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पायावरची लॉकनट वर फिरवून मशीनच्या बुडाशी आवळ. लोक पाय फिरवतात आणि नट तसाच सोडतात. मग थोड्या दिवसांत पाय पुन्हा फिरतो. जमीन लाकडी असेल तर थोडी थरथर राहणारच, ती सोसायची.

कुणी नवीन वॉशर घेणार असेल तर: मागे कारखान्यातून लावून आलेले वाहतुकीचे बोल्ट असतात, ते काढल्याशिवाय चालू करायचा नाही. ड्रम धरून ठेवायला ते लावलेले असतात. तसाच चालवलात तर मशीन स्वयंपाकघरापर्यंत चालत जाईल.

प्रेषक: सुनंदामावशी (पिस्काटवे)

मेधा बाळा,

काकांनी पाय सांगितले, मी कपडे सांगते. एकटी साडी मशीनमध्ये कधी टाकू नकोस. पाच-साडेपाच मीटरचा कपडा ओला झाला की त्याचा दोर होतो, सगळं वजन एका बाजूला जातं. मग मशीन सारखं हळूहळू उलटसुलट फिरवत कपडे पसरवायचा प्रयत्न करतं आणि काट्यावर तीच उरलेली मिनिटं दाखवत बसतं. नऊवारी असेल तर विचारूच नकोस. घडी घालून जाळीच्या पिशवीत घाल, सोबत दोन-तीन टॉवेल. गोधडीचंही तेच: तुझ्या मशीनमध्ये एक जाड गोधडी म्हणजे एकाच बाजूचं ओझं. ती लाँड्रोमॅटच्या मोठ्या मशीनला द्यावी.

सासूबाईंच्या पदराला हळद लागली असेल तर आधी ड्रायरमध्ये घालू नकोस, उष्णतेने डाग पक्का होतो. साबण लागल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नकोस, अल्कलीने हळद लाल होतेच. खिडकीतल्या उन्हात ठेव, ऊन हळद खातं.

आणि हुक, सेफ्टी पिना काढून मगच कपडे टाक. खाली पुढच्या बाजूला छोटं दार असतं, त्यात पंपाची गाळणी. पाणी उपसलं जात नाही अशी तक्रार करणाऱ्या बायकांच्या गाळणीत मला आजवर ब्लाउजचे हुकच सापडलेत. उघडताना खाली ताट ठेव, पाणी सांडतं.

प्रेषक: अजित (मॅनहॅटन)

आमच्या जुन्या इमारतीत भिंत फोडून व्हेंट काढायला परवानगीच नाही, म्हणून 24 इंची, बिनाव्हेंटचा हीट पंप ड्रायर वर बसवलाय. हवा बाहेर टाकत नाही, ओल पाणी करून निचऱ्याच्या नळीत सोडतो. वेळ बराच जास्त घेतो आणि जीन्सचे पट्टे थोडे दमट राहतात. पण वीज कमी खातो आणि कपडे फार भाजत नाहीत. रेशीम-सुती मिश्र साड्या असतील त्या घराला हा बरा. मात्र त्याचा कंडेन्सरही (ओलीचं पाणी करणारा भाग) साफ करावा लागतो, विसरू नका.

प्रेषक: मंडळ (यादी व्यवस्थापन)

मंडळी, विषय रंगलाय पण मोदकांच्या यादीत अजून नावं कमी आहेत. त्या मेललाही उत्तर द्या.

प्रेषक: मेधा

मोदकांच्या यादीत माझं आणि सासूबाईंचं नाव धरा, उकडीचे, एकवीस.

काका, नट आवळले. आता स्पिनला वॉशरवर ठेवलेला पाण्याचा पेला हलतो पण सांडत नाही. एक शेवटची शंका: ड्रायरची बटणं सासूबाईंच्या डोक्यावर जातात. स्टुलावर चढलेलं मला आवडत नाही. खालीवर बदलता येतील का मशीन?

प्रेषक: श्रीकाका

नाही. वॉशर वजनाने जड, त्यात ड्रम फिरताना फार हलू नये म्हणून सिमेंटचे ठोकळे असतात, आणि स्पिन जोरात. तो कायम खालीच. काही ड्रायरांची बटणं मोबाइलवरून चालतात, तुझं तसं असेल तर फोनवर सेट करून दे. नसेल तर ड्रायर तू लाव. सासूबाईंनी खालचं दार वापरलं की झालं. आणि धुऊन झालं की ते दार अर्धं उघडं ठेवायला सांग, नाहीतर रबराला बुरशी धरते.