मदत हवी आहे: जुना पत्ता नव्याकडे, नवा पुन्हा जुन्याकडे

मंडळी, इंदूरहून लिहितोय. काकूच्या घरगुती फराळाची साइट मीच सांभाळतो. प्रश्नचिन्हवाली लांबलचक लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की लोकांना फसवणूक वाटते, म्हणून 'फराळ/अनारसे' असा सुटसुटीत पत्ता हवाय.

सर्व्हर अपाचे 2.4, शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), त्यामुळे हाताशी फक्त फोल्डरमधली सेटिंगची फाइल, एचटीअ‍ॅक्सेस. तिच्यात रीराइटरूल (नवा पत्ता आतल्या आत जुन्याकडे नेणारा नियम) लिहिला, नवा पत्ता उघडला, पण पान उघडंबोडकं! सीएसएसच्या (पानाच्या सजावटीच्या फाइलच्या) पत्त्याआधी स्लॅश दिला, ते सुटलं.

खरी गोची पुढे. जुन्या लिंका नव्यावर वळवल्या, तर ब्राउझर म्हणतो फार वेळा वळवलं. रूलला क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) दिसत नाही, म्हणून रीराइटकाँड (रूलआधीची अट) लावलीय. आता त्यात 'द रिक्वेस्ट' (ब्राउझरने मुळात पाठवलेली मागणी) तपासू, की आतल्या रूलला 'एंड' फ्लॅग (इथेच थांब, पुन्हा रूल लावू नको अशी खूण) देऊ? तूर्त 302 वरच (तात्पुरत्या वळवण्यावर) आहे. 301 (कायमचं वळवणं) ब्राउझर लक्षात धरून बसतो. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात हो!