पल्स एनर्जी मीटर: ट्रिगर लेव्हल नक्की किती ठेवायची?

लॅबकर_इंदूर
क्यू-स्विच (ऊर्जा साठवून झटक्यात पल्स सोडणारा) एनडी-याग लेझर, १०६४ नॅनोमीटर, १० हर्ट्झ, मीटरला पायरोइलेक्ट्रिक हेड (तापलं की विजेचा सिग्नल देणाऱ्या क्रिस्टलचा सेन्सर). रेंज २०० मिलिजूल, ट्रिगर (ज्याच्या वरचा सिग्नलच मीटर पल्स म्हणून मोजतो ती पातळी) ५ टक्के. २० मिलिजूलला सगळं ठीक. अटेन्युएटरने (बीम कमजोर करणाऱ्या भागाने) ८ वर आणलं की रीडिंगच गायब. ट्रिगर १ टक्क्यावर नेला तर रेट १४ ते १७ हर्ट्झ दाखवतो आणि सरासरी कोसळते. मधला कोणता आकडा धरू?

पायरोवाला
मधला आकडा शोधू नका, आधी रेंज बदला. बहुतेक मीटरांत ते टक्के रेंजचे असतात, पल्सचे नव्हेत. २०० चे ५ टक्के म्हणजे १० मिलिजूल. ८ चा पल्स मीटरच्या लेखी आलाच नाही. रेंज ३० करा. मग हेडच्या आधी बीम ब्लॉक ठेवा, लेझर नेहमीसारखा चालू द्या आणि ट्रिगर तळापासून हळूहळू चढवा. मोजणी थांबेल त्याच्या दुप्पट ठेवा. समजा १ मिलिजूलला थांबली, तर २, म्हणजे सुमारे ७ टक्के. रेंज बदलली की हा खटाटोप पुन्हा. आणि हो, गॉगल.

आवाज_शोधक
१४-१७ कुठून येतात तेही बघा. लेझर बंद करून टेबलावर टिचकी मारा. मोजलं, तर कंपन: पायरो क्रिस्टल दाबालाही सिग्नल देतो, म्हणजे तो अर्धा मायक्रोफोनच. (आपल्याकडे मे महिन्यात कूलर टेबलाला टेकवलेला असतो, तो आधी हलवा.) बीम अडवूनही लेझर चालू असताना मोजत असेल, तर विजेचा गोंगाट. हेडची केबल लेझरला ऊर्जा देणाऱ्या लॅम्पच्या पॉवर सप्लायपासून आणि पॉकेल्स सेलच्या (क्यू-स्विचचं काम करणाऱ्या भागाच्या) वायरपासून लांब न्या, हेडखाली प्लास्टिकचा पोस्ट लावा.

पायरोवाला
उलट चूकही होते. ट्रिगर फार वर ठेवला की कमजोर शॉट गळतात, सरासरी फुगते, स्टँडर्ड डेव्हिएशन मात्र देखणं दिसतं. मिनिटाला ६०० शॉट मोजले जातात का, तेवढं पाहा.

लॅबकर_इंदूर
३० ची रेंज, ७ टक्के: ६०० बरोबर. १ मिलिजूलच्या खाली जायचं असेल तर एक्स्टर्नल ट्रिगर, म्हणजे कधी मोजायचं ते मीटरला बाहेरून सांगायचं?

आवाज_शोधक
हो, पण क्यू-स्विचचा सिंक (वेळ कळवणारा सिग्नल) घ्या. लॅम्पचा सिंक पल्सच्या शे-दोनशे मायक्रोसेकंद आधी येतो, मीटर भलत्याच वेळी मोजायला बसेल.