पेटीवरची देवनागरी तिरपी करू नका

बागायतदार, देवगड
यंदा आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांचं डिझाइन नवीन करतोय. रोमन लिपीतलं 'अल्फॉन्सो' बोल्ड इटॅलिक सेरिफमध्ये, म्हणजे ठळक, तिरप्या आणि टोकांना शेपट्या असलेल्या अक्षरात, घेतलंय. जाड रेघा, केसासारख्या बारीक जोडण्या, नाजूक शेपट्या. छान दिसतंय. पण त्याला जोड म्हणून 'देवगड हापूस' ही देवनागरी अक्षरंही संगणकावर ढकलून तिरपी केलीत, आणि ते मला साफ नामंजूर आहे.

रोमन इटॅलिक हे नुसतं कललेलं अक्षर नाही. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मनुत्सियो याने १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कविता लहान आकारात छापल्या, त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने हस्ताक्षरावरून छपाईचे वेगळे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, कोरली. म्हणून चांगल्या इटॅलिकमध्ये लहान लिपीतल्या 'ए'चं वरचं छप्पर जातं, 'एफ'चा पाय ओळीखाली उतरतो. अक्षराचं वळणच वेगळं असतं. आमच्या पेटीवर मात्र 'दे'ची डावीकडे झुकलेली मात्रा जवळजवळ ताठ झालीय, 'पू'चा उकार मागे ओढला गेलाय आणि शिरोरेघ होती तिथेच आडवी. हे कोणी हाताने काढलेलं नाही, आणि ते दिसतं.

पेंटरचा मुलगा, मालवण
माका ह्या पटणा नाय. आमच्या किनाऱ्यावर होड्यांची नावं जाड आणि तिरपीच रंगवतात, तीही देवनागरीत. चपट्या ब्रशने एका दमात काना ओढला की तो आपसूक कलतो. लांबून नाव ओळखू येतं, होडीला वेग आल्यासारखा वाटतो. तिरपेपणा रोमन लिपीच्या मालकीचा कधी झाला?

बागायतदार, देवगड
तुमच्या वडिलांनी काढलेलं तिरपं अक्षर मला चालेल. त्यांनी मात्रा कुठे वळवायची, उकार किती आत घ्यायचा हे प्रत्येक अक्षरापाशी ठरवलं असणार. माझी तक्रार बटण दाबून केलेल्या तिरपेपणाबद्दल आहे. आणि होडीचं म्हणाल तर उजव्या अंगाला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाचणाऱ्याच्या उजवीकडे येते, म्हणून अक्षर पुढे धावतं. डाव्या अंगाला तेच अक्षर मागे रेलतं.

छापखाना, कुडाळ
दोघेही पुठ्ठा विसरताय. पेटीवर फ्लेक्सो छपाई होते. लवचीक प्लेट दाबली की शाई अक्षराच्या कडेने थोडी पसरते, त्यात पुठ्ठ्याच्या आतल्या नाल्यांमुळे दाब सगळीकडे सारखा बसत नाही. बोल्ड इटॅलिक सेरिफचं दुखणं नेमकं इथे आहे: जाडीमुळे अक्षराची पोटं (आतल्या मोकळ्या जागा) आधीच लहान, कलल्यामुळे आणखी अरुंद, ती शाईने भरतात. आणि त्या केसासारख्या जोडण्या एक तर तुटतात, नाही तर फुगतात. देवनागरीत 'ह'ची गाठ पहिली जाते.

सेरिफ हवाच तर जाड-बारीकपणात फरक कमी असलेला घ्या. लंडनचा क्लॅरेन्डन हा टाइप १८४५ चा, पण असल्या कामाला आजही तसं वळण उपयोगी पडतं. तिरपा बोल्ड फक्त मोठ्या नावाला. वजन, नग, पॅकिंगची तारीख सरळ अक्षरात. वाशीच्या मार्केटात पेट्या एकावर एक रचल्या की फक्त बाजूची पट्टी दिसते, तिथे तर तिरपं घालूच नका.

कृषी विद्यार्थिनी, दापोली
बोल्ड इटॅलिकचं एक काम शोभेपलीकडचं आहे. आमच्या विषयात शास्त्रीय नाव रोमन लिपीत इटॅलिकमध्ये छापतात, उदाहरणार्थ आंब्याचं मॅन्जिफेरा इंडिका. ते ठळक मथळ्यात आलं तरी तिरपंच ठेवावं लागतं. तिथे सरळ बोल्ड चालत नाही, बोल्ड इटॅलिकच लागतो. पण 'अल्फॉन्सो' हे लागवडीच्या वाणाचं नाव. ते नियमाने सरळ अक्षरात, एकेरी अवतरणात लिहितात. म्हणजे तुमच्या पेटीवर रोमन नावही तिरपं नको.

बागायतदार, देवगड
पेटी म्हणजे शोधनिबंध नव्हे. तिथे ते नाव सजावटीसाठी आहे, गिऱ्हाइकाची नजर थांबावी म्हणून. पण कलमांच्या चिठ्ठ्यांवर तुमचा नियम पाळायलाच हवा.

अक्षरलेखन शिक्षक, रत्नागिरी
बागायतदारांच्या बाजूने एक मुद्दा. बोरूचा कट रोमन टाकाच्या उलट असतो, त्यामुळे देवनागरीत जाडी उलट्या कर्णावर पडते. गोल अक्षर रोमन इटॅलिकच्या कोनात ढकललं की जाड भाग भलतीकडे सरकतो आणि 'व'चं पोट चिरडल्यासारखं दिसतं. शब्दावर भर द्यायला देवनागरीत जाडी आहे, आकार आहे, रंग आहे. रोमन इटॅलिकच्या शेजारी सरळ, भरदार देवनागरी ठेवा. शिरोरेघेची जाडी रोमनच्या जाड रेघेशी जुळवून पाहा, जोडी तिथून जमते.

पेंटरचा मुलगा, मालवण
सर, बोरूचा नियम ब्रशला कशाला लावता? ब्रश वळतो, दाबला की पसरतो, कट त्याला नसतोच. संगणकाने ढकललेलं अक्षर वाईट, एवढं मान्य. पण त्यावरून 'देवनागरी तिरपी नकोच' म्हणू नका. बागायतदार, पेटीसाठी 'देवगड हापूस' एकदा हाताने तिरपं लिहून घ्या, ते स्कॅन करून प्लेट बनवा. कुडाळच्या छापखान्याने सांगावं 'ह'ची गाठ किती मोकळी ठेवायची.

छापखाना, कुडाळ
पाठवा. आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून बघू.